क्रूझवर पहिल्यांदा जाताना: केबिन, कागदपत्रं, वायरी, औषधं आणि बंदरावरची वेळ

दर्यावर्दी (धागाकर्ता)

क्रूझ ठरवताना सगळे जहाजाचं नाव, बंदरांची यादी आणि तिकिटाची रक्कम बघतात. प्रवास सुखाचा होणार की नाही हे मात्र बऱ्याचदा बारीक गोष्टींवर ठरतं. केबिन कुठल्या डेकवर (मजल्यावर) आहे, व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे का, औषधं कुठल्या बॅगेत आहेत, असल्या गोष्टी. यातलं बरंचसं जहाज सुटल्यावर निस्तरता येत नाही, म्हणून हा धागा. "खूप मजा आली" पेक्षा काय करायचं, कधी करायचं आणि कुठे बिनसतं ते लिहावं ही विनंती.

केबिनपासून सुरुवात करतो, कारण ती चुकली की रोज रात्री त्रास.

बुकिंगच्या आधी जहाजाचा डेक प्लॅन उघडा आणि आपल्या केबिनच्या बरोबर वरचा आणि बरोबर खालचा डेक बघा. दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे झाकून घ्या. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे डेक धुण्याचा आणि आरामखुर्च्या ओढण्याचा आवाज थेट छतातून येतो. वर बुफे किंवा स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्यांची चाकं. खाली नाट्यगृह किंवा नाचाचा क्लब असेल तर मध्यरात्रीनंतरही गाण्यांचा ठोका जमिनीतून जाणवतो. प्लॅनवर जिथे नुसतीच पांढरी रिकामी जागा दिसते ती बहुधा कर्मचाऱ्यांच्या वापराची असते. तिथली दारं दिवसभर उघडमीट होतात, त्यामुळे तिला लागून असलेली केबिन टाळलेली बरी.

अगदी पुढची आणि खालच्या डेकवरची केबिन स्वस्त मिळते, पण बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवण्यासाठी बो थ्रस्टर (पुढच्या टोकाचे पाण्याखालचे पंखे) चालू होतात. जहाजं बहुतेक वेळा सकाळी लवकर धक्क्याला लागतात, म्हणजे साखरझोपेच्या वेळी पलंग थरथरतो. नांगर टाकायचा असेल तर साखळीचा खडखडाट वेगळाच. अगदी मागे, खालच्या बाजूला प्रोपेलरची थरथर असते.

दोन केबिनना जोडणारं आतलं दार ज्या केबिनला आहे ती घेऊ नका, शेजारी आपलीच माणसं असतील तर गोष्ट वेगळी. त्या दारातून शेजारचा टीव्हीसुद्धा ऐकू येतो. डेक प्लॅनवर दोन केबिनच्या मधे लहान बाण किंवा त्रिकोण असतो, त्याचा अर्थ हाच.

होकायंत्र

उत्तम धागा. केबिनबद्दल आणखी थोडं.

"गॅरंटी" प्रकारात तुम्ही फक्त वर्ग निवडता, केबिनचा क्रमांक कंपनी देते, कधीकधी अगदी शेवटच्या आठवड्यात. दर कमी असतो. ज्याला कुठेही झोप लागते आणि बोट लागत नाही त्याने खुशाल घ्यावी. सोबत लहान मूल, म्हातारं माणूस किंवा आवाजाला सावध झोपणारं कुणी असेल तर चार पैसे जास्त देऊन क्रमांक आपणच निवडावा.

"अडथळा असलेलं दृश्य" म्हणजे खिडकीसमोर बहुधा जीवनरक्षक होडी टांगलेली असते. सगळ्या केबिनमध्ये अडथळा सारखा नसतो. होडीच्या वरच्या टोकापाशी असलेल्या केबिनमधून समुद्र बऱ्यापैकी दिसतो, पोटापाशी असलेल्यातून फक्त नारिंगी फायबर. प्लॅनवर होड्यांच्या जागा काढलेल्या असतात, ताडून बघता येतं.

आतल्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवे बंद केले की मिट्ट काळोख. दिवस उजाडलेला कळत नाही. जहाजाच्या टीव्हीवर पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल असतं, ते आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवलं की पहाट झाल्यावर खोलीत आपोआप उजेड होतो.

बाल्कनी असेल तर एक पक्का नियम: बाल्कनीचं दार आणि केबिनचं दार एकाच वेळी उघडायचं नाही. वारा आरपार घुसतो आणि जड दार इतक्या जोराने आपटतं की चौकटीत बोट असेल तर गेलंच. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की अनेक जहाजांवर त्या केबिनचं एसी बंद पडतं. एसी बिघडला म्हणून फोन करण्याआधी ते दार नीट लागलंय का बघा.

निळीशाई

बोट लागण्याचं काय? घरात दोघांना गाडीसुद्धा लागते. मोठ्या जहाजावर जाणवत नाही असं सगळे सांगतात, ते खरं का?

औषधपेटी

@निळीशाई, अर्धं खरं आहे. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावं-उजवं डोलणं बरंच कमी करतात, पण पुढचं टोक वर-खाली होणं त्यांनी थांबत नाही. म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांची केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर असावी. उंचावर हेलकावा मोठा जाणवतो, टोकांना वर-खाली जास्त होतं. मार्गही बघा. हिवाळ्यातला बिस्केचा उपसागर किंवा दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधली ड्रेक सामुद्रधुनी हे जगातल्या सगळ्यात खवळलेल्या पाण्यांत मोडतात, तिथे जहाजाचा आकार फारसा कामी येत नाही.

औषधाचं मुख्य सूत्र एवढंच की ते आधी घ्यायचं. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. मेक्लिझिन साधारण तासभर आधी, डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी, सिनॅरिझिन दोन तास आधी. डायमेनहायड्रिनेटने झोप जास्त येते आणि त्याचा असर चार ते सहा तासांत उतरतो, मेक्लिझिन जास्त वेळ पुरतं.

स्कोपोलामिनचा पॅच कानामागे लावतात. जहाज हलायला लागण्याच्या किमान चार तास आधी लावायचा, तीन दिवस चालतो. लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा. बोटाला लागलेलं औषध डोळ्यात गेलं तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसायला लागतं आणि माणूस उगाच घाबरतो. एका वेळी एकच पॅच, कापून अर्धा करायचा नाही. काचबिंदूचा एक प्रकार असतो, त्यात तो चालत नाही. लघवी अडण्याचा त्रास असेल तरीही नको. लहान मुलांना देऊ नये, आणि वयस्कांना यामुळे भ्रम होऊ शकतो. नेहमीची औषधं चालू असणाऱ्यांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

औषधाशिवाय: क्षितिज दिसेल अशा जागी, मधल्या भागात उघड्या डेकवर जा. केबिनमध्ये फोन बघत पडून राहणं सगळ्यात वाईट. पोट रिकामं ठेवू नका, कोरडी बिस्किटं, आलं, थोडं थोडं पाणी.

तारयंत्री

आता वायरींबद्दल सविस्तर लिहितो, कारण सुरक्षा तपासणीत सर्वाधिक वस्तू याच जप्त होतात आणि का होतात ते कुणी सांगत नाही.

केबिनमध्ये बहुधा ११० व्होल्टचे अमेरिकी आणि २२० व्होल्टचे युरोपीय असे मोजके सॉकेट असतात, तेही बरेचदा फक्त टेबलापाशी. म्हणून माणसं घरचा सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या दाबाच्या झटक्यापासून वाचवणारा भाग) असलेला एक्स्टेन्शन बोर्ड भरतात. तो जहाजावर चालत नाही. घरी दोन तारांपैकी एक, म्हणजे न्यूट्रल, कुठेतरी जमिनीला जोडलेला असतो. जहाजावर बहुतेक वेळा तसा जोडलेला नसतो, दोन्ही तारा लोखंडी सांगाड्यापासून वेगळ्या ठेवतात, जेणेकरून एका ठिकाणी दोष आला तरी सगळा पुरवठा बंद पडू नये. अशा वेळी दुसरीकडे कुठे एक तार सांगाड्याला टेकली की उरलेल्या तारेवर सांगाड्याच्या तुलनेत पूर्ण दाब येतो. सर्ज प्रोटेक्टरमधला घटक तार आणि अर्थिंगची (जमिनीची) जोडणी यांच्या मधे बसवलेला असतो. त्याला हा दाब सतत सोसावा लागतो, तो तापतो आणि पेट घेऊ शकतो. अमेरिकी तटरक्षक दलाने २०१३ साली याच कारणासाठी जहाजांना इशारा दिला होता.

बोर्डावर "सर्ज" किंवा "ज्यूल" असं काही छापलं असेल तर तो घरीच ठेवा. साधा एक्स्टेन्शनही बऱ्याच कंपन्यांच्या मनाई यादीत आहे. सोपा मार्ग म्हणजे तीन-चार यूएसबी तोंडं असलेला, सर्ज नसलेला चार्जर. १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला असला की दोन्ही सॉकेटवर चालतो. सोबत दोन्ही प्रकारच्या पिनांचे साधे ॲडॉप्टर घ्या.

इस्त्री, किटली, पाणी तापवायची कॉइल, मेणबत्ती, ड्रोन, हे सगळं काढून घेतात. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

एक उपयोगी गोष्ट: केबिनच्या भिंती सहसा पत्र्याच्या असतात. चार-सहा चुंबकी हूक नेले की टोप्या, ओळखपत्र, ओले पोहण्याचे कपडे टांगायला जागा होते.

निळीशाई

धन्यवाद! झोपेतल्या श्वासाचं यंत्र (सीपॅप) वापरणाऱ्यांनी काय करायचं? पलंगाजवळ सॉकेट नसेल तर?

तारयंत्री

कंपनीच्या विशेष गरजा विभागाला आधीच कळवायचं, निघण्याच्या निदान महिनाभर आधी. एक्स्टेन्शन वायर ते स्वतःची देतात, ती चालते. डिस्टिल्ड वॉटरही मागवून ठेवता येतं. यंत्र हातातल्या सामानातच न्या. मोठ्या बॅगेत ठेवलं आणि ती तपासणीसाठी अडकली तर पहिली रात्र त्याच्याशिवाय काढावी लागेल.

औषधपेटी

याला जोडून इन्सुलिन. केबिनमधला छोटा फ्रिज हा खरा फ्रिज नसतो. तो पेयं गार ठेवतो, बऱ्याचदा २ ते ८ अंशांपर्यंत पोचतच नाही. न उघडलेला साठा जहाजाच्या दवाखान्यातल्या किंवा त्यांनी दिलेल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. चालू असलेलं पेन बहुतेक प्रकारांत साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला चालतं, पत्रकावर दिवस लिहिलेले असतात. सुया टाकायला बंद डबा मागा, कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या तर सफाई करणाऱ्याच्या हाताला लागतात.

औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, आणि सहलीपेक्षा निदान चार-पाच दिवस जास्तीची.

शिडाची_दोरी

कागदपत्रांवर कुणी लिहिलं नाही अजून.

१. पासपोर्टची मुदत सहल संपल्यानंतर सहा महिने तरी शिल्लक हवी. काही देशांना कमी चालते, पण जहाज अनेक देशांत जातं आणि नियम सगळ्यात कडक देशाचा लागू धरावा.

२. व्हिसा किती प्रवेशांचा आहे ते बघा. समजा जहाज बार्सिलोनाहून निघालं, ट्युनिसला थांबलं आणि मार्सेलला आलं. म्हणजे तुम्ही शेंगेन क्षेत्रातून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) बाहेर पडून पुन्हा आत शिरलात. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बार्सिलोनालाच चढू देणार नाहीत. साउथॅम्प्टनहून निघणाऱ्या सहलींत ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि शेंगेन वेगळा, आणि परत येताना ब्रिटनमध्ये दुसरा प्रवेश होतो.

३. "त्या बंदरात आम्ही उतरणारच नाही, मग व्हिसा कशाला?" हा युक्तिवाद चालत नाही. बहुतेक कंपन्या यादीतल्या प्रत्येक देशाचा व्हिसा मागतात, कारण आजारपण किंवा बिघाड झाला तर तुम्हाला तिथे उतरवावं लागू शकतं. काही देश क्रूझच्या प्रवाशांना दिवसापुरती सूट देतात, पण ती वकिलातीच्या संकेतस्थळावर वाचून खात्री करा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

४. गरोदर असल्यास: सहलीच्या कुठल्याही दिवशी २४वा आठवडा लागत असेल तर बहुतेक कंपन्या नेत नाहीत. तान्ह्या बाळांना साधारण सहा महिने पूर्ण लागतात, महासागर ओलांडणाऱ्या लांब सहलींना वर्ष. हे पैसे भरण्याआधी तपासा.

५. विमा. जहाजावरचा दवाखाना खासगी दराने पैसे घेतो, बिल तुमच्या जहाजावरच्या खात्यावर चढतं आणि नंतर तुम्ही विम्याकडे मागायचं. खरा खर्च हेलिकॉप्टरने किंवा खास विमानाने हलवावं लागलं तर होतो. पॉलिसीत "वैद्यकीय स्थलांतर" किती रकमेपर्यंत आहे तो आकडा शोधा, तो नसेल तर ती पॉलिसी क्रूझसाठी निरुपयोगी. आधीपासूनचे आजार लपवू नका, दावा फेटाळायला तेच कारण पुरतं.

दर्यावर्दी

शिडाची_दोरी, नेमकं लिहिलंत. पुढचा भाग म्हणून चढण्याचा दिवस घेतो.

शक्य असेल तर बंदराच्या शहरात आदल्या दिवशी पोचा. विमान चार तास उशिरा आलं तर हॉटेल वाट बघतं, जहाज बघत नाही.

मोठ्या बॅगा टॅग लावून बाहेरच हमालांकडे द्यायच्या असतात. त्या केबिनपाशी पोचायला संध्याकाळ होऊ शकते. तोवर लागेल ते खांद्यावरच्या पिशवीत: पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर, एक जोडी कपडे, पोहायचं असेल तर ते कपडे. टॅग कागदी असतात आणि फाटतात. स्टेपल करून वर चिकटपट्टी लावा, आणि बॅगेच्या आत नाव, जहाज आणि केबिन क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. बॅग रात्री आठपर्यंत आली नाही तर सुरक्षा कक्षाला विचारा. अनेकदा ती तिथे अडकलेली असते, आत किटली किंवा सुरी दिसली म्हणून.

केबिन स्ट्युअर्ड (खोलीची साफसफाई बघणारा) भेटला की हव्या त्या गोष्टी पहिल्याच दिवशी सांगा: पलंग वेगळे की जोडलेले, फ्रिज रिकामा, जादा उशी. आहाराचे निर्बंध किंवा ॲलर्जी असेल तर कंपनीला आधी कळवलेलं असतंच, तरी पहिल्या रात्री जेवणघराच्या मुख्य वाढप्याला प्रत्यक्ष भेटा. तो दुसऱ्या दिवशीचा मेन्यू आदल्या रात्री दाखवतो आणि त्यातलं तुमच्यासाठी वेगळं करून घेतो. ऐन वेळी मागितलं तर मिळतं ते उकडलेलं काहीतरी.

संडास व्हॅक्यूमचे असतात. त्यात कागदाशिवाय काहीही टाकायचं नाही, ओले वाइप्स तर मुळीच नाहीत, पाकिटावर "फ्लश करता येतात" लिहिलं असलं तरी. एकाच्या चुकीने आजूबाजूच्या केबिनचेही बंद पडतात.

नांगरगाठ

मस्टर ड्रिलबद्दल (आणीबाणीत एकत्र जमण्याची कवायत) कळकळीने सांगायचंय, कारण लोक ती टाळायला बघतात.

कोस्टा कॉन्कॉर्डिया १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलिओ बेटापाशी खडकावर गेलं आणि ३२ माणसं गेली. त्या वेळच्या नियमाने चढल्यापासून २४ तासांत कवायत घेतली तरी चालायचं, आणि त्या दिवशी चढलेल्यांची ती झालेलीच नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. अनेक जहाजांवर आता व्हिडिओ फोनवर बघायचा आणि मग आपल्याला नेमून दिलेल्या जमण्याच्या जागेवर जाऊन हजेरी लावायची, एवढंच असतं. पाच-दहा मिनिटांचं काम.

पण नुसती हजेरी लावून परत येऊ नका. केबिनपासून त्या जागेपर्यंत जिन्याने चालत जा, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायच्या नसतात. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत मधे किती दारं लागतात ती मोजून ठेवा. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, हाताने भिंत चाचपत दारं मोजत जावं लागतं. जीवरक्षक जॅकेट केबिनमध्ये आहे की एकत्र जमण्याच्या जागी, हे विचारा. मुलांच्या मापाचं नसेल तर त्याच दिवशी मागून घ्या.

सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे सर्वसाधारण आणीबाणी. ऐकू आला की गरम कपडे, नेहमीची औषधं घ्यायची आणि निघायचं. बॅगा भरत बसायचं नाही.

कुणी पाण्यात पडताना दिसलं तर: मोठ्याने ओरडा, जवळची तरंगती रिंग फेका, आणि त्या माणसाकडे हात रोखून धरा. हात आणि नजर हलवायची नाही, दुसऱ्या कुणाला कर्मचाऱ्यांना बोलवायला पाठवा. लाटांमध्ये डोकं काही क्षणांत नजरेआड होतं, आणि जहाज वळून येईपर्यंत दिशा दाखवणारं तुमच्याशिवाय कुणी नसतं.

सिगारेट बाल्कनीतून खाली टाकायची नाही, वाऱ्याने ती खालच्या बाल्कनीत येऊन पडते. स्टार प्रिन्सेसवर मार्च २००६ मध्ये लागलेली आग बाल्कनीतल्या सिगारेटमुळेच लागली असावी असा चौकशीचा निष्कर्ष होता.

होकायंत्र

+१. ही पोस्ट धाग्याच्या वर चिकटवावी.

आता बंदरावरच्या दिवसाबद्दल, कारण जहाज चुकतं ते इथेच.

जहाजाची वेळ आणि बंदराची स्थानिक वेळ वेगळी असू शकते. कप्तान कधी घड्याळ बदलतो, कधी बदलत नाही. फोन मात्र किनाऱ्यावरचा टॉवर मिळाला की आपोआप स्थानिक वेळ धरतो. म्हणून फोनची स्वयंचलित वेळ बंद करा किंवा मनगटावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. उतरताना गँगवेपाशी (जहाजातून उतरायच्या पुलापाशी) "सर्वांनी परतण्याची वेळ" लिहिलेली असते, तिचा फोटो काढा. ती सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची असते. त्या फलकावर कंपनीच्या बंदरातल्या प्रतिनिधीचा (एजंटचा) फोनही असतो किंवा दैनिक पत्रकात असतो, तोही घ्या.

दुसरं, यादीतलं शहर आणि खरं बंदर यांतलं अंतर. "रोम" म्हणजे चिविताव्हेक्किया, रोमपासून सुमारे ८० किलोमीटर. जहाजापासून बंदराची बस लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत, तिथून स्टेशन, मग आगगाडी ४० ते ८० मिनिटं, कोणती मिळते त्यावर. "पॅरिस" म्हणजे ल आव्र, जवळपास २०० किलोमीटर. "बर्लिन" म्हणजे वार्नेम्युंड, आगगाडीने एका बाजूला तीनेक तास. "बँकॉक" बहुधा लेम चबांग, रस्त्याने दोन तास, वाहतूक असेल तर जास्त. जाण्या-येण्यात सहा तास गेले तर दहा तासांच्या थांब्यात हातात काय उरतं ते आधी मोजा. कित्येकदा जवळचं छोटं गाव बघणंच शहाणपणाचं ठरतं.

किनारपट्टी

टेंडरचं गणितही करून ठेवा. धक्का नसेल तर जहाज बाहेर नांगरतं आणि छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. समजा ३००० प्रवासी, चार होड्या, प्रत्येकीत १२० जण, आणि एक फेरी २५ मिनिटांची. म्हणजे तासाला साडेअकराशेच्या आसपास, सगळे उतरायला अडीच तासांहून जास्त. जहाजाच्या सहली घेतलेले आधी जातात, बाकीच्यांना क्रमांकाची चिठ्ठी मिळते. स्वतःची सहल सकाळी लवकर ठरवली असेल तर ती हुकणार हे धरून चाला.

ग्रीसच्या संतोरिनी बेटावर तर होडीतून उतरल्यावर वर गावात जायला पुन्हा केबल कार, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. दुपारी परत खाली येणाऱ्यांची केबल कारची रांग तासाच्या पुढे जाऊ शकते, विशेषतः एकाच दिवशी तीन-चार जहाजं असतील तर. गुडघे ठीक असतील तर पायऱ्यांनी उतरणं जलद, पण खेचरांच्या लिदीमुळे घसरतं, चांगले बूट हवेत.

लाटा जास्त असतील तर टेंडर रद्द होतो, म्हणजे ते बंदरच रद्द. त्याची भरपाई सहसा बंदर शुल्काच्या परताव्याएवढीच मिळते.

पाणकोंबडी

जहाजाकडूनच सहल घ्यावी असं माझं मत. महाग असते, पण उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनीची.

किनारपट्टी

@पाणकोंबडी, लांबच्या ठिकाणांना सहमत. रोम, पॅरिस, बर्लिन असेल तर जहाजाची सहल. पण बंदर गावाला लागूनच असेल तर चाळीस जणांच्या बसमधून फिरण्यात अर्थ नाही. स्वतः फिरा आणि परतण्याच्या वेळेच्या दोन तास आधी बंदराच्या परिसरात या. तिथे बसून कॉफी प्या हवं तर.

आणि जहाज सुटलंच तर: ताबडतोब एजंटला फोन. परत आला नाहीत हे कळल्यावर कर्मचारी अनेकदा केबिनच्या तिजोरीतले पासपोर्ट काढून एजंटकडे देतात. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. अमेरिकेत आणखी एक अडचण आहे, १८८६ चा प्रवासी जहाज कायदा. परदेशी नोंदणीच्या जहाजाने (बहुतेक क्रूझ जहाजं अशीच) प्रवाशाला एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्या अमेरिकी बंदरात नेऊन सोडायचं नाही, काही अपवाद वगळता. त्यामुळे पुढच्या बंदरावर जाऊन चढेन म्हटलं तरी ते चढू देतीलच असं नाही, आणि दंड झाला तर तो प्रवाशाकडून वसूल होतो. सहल अर्धवट सोडून मधेच उतरणाऱ्यांनाही हेच लागू.

गलबत

फोन आणि पैसे, थोडक्यात.

जहाज सुटण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर, मग फक्त वायफाय चालू. समुद्रात जहाजाचं स्वतःचं उपग्रहावर चालणारं मोबाइल नेटवर्क असतं, स्क्रीनवर "सेल्युलर ॲट सी" किंवा तसलं नाव दिसतं. नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा नसतं आणि मागे चाललेल्या ॲप्सनीच बिल फुगतं. कंपनीचं ॲप घरूनच उतरवून घ्या, जहाजावर ते इंटरनेट पॅकशिवाय चालतं.

जहाजावरच्या खर्चाच्या खात्याला शक्यतो क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट कार्डावर रोजच्या खर्चाएवढी किंवा जास्त रक्कम अडवून ठेवतात, ती खरोखर तुमच्या बँकेतली असते आणि मोकळी व्हायला सहल संपल्यावरही काही दिवस जातात. तुमच्या देशाच्या चलनात बिल हवंय का असं विचारलं तर नको म्हणा, त्यांचा विनिमय दर महाग पडतो. सेवाशुल्क दर माणशी दर दिवशी आपोआप लागतं, लहान मुलांनाही बऱ्याच ठिकाणी. पेयांच्या बिलात १८ ते २० टक्के वेगळे. खर्चाची यादी ॲपवर रोज रात्री बघा. शेवटच्या सकाळी ग्राहक कक्षापुढे लांब रांग असते आणि चुका दुरुस्त करायला वेळ नसतो.

औषधपेटी

नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) राहिला. दारोदारी सॅनिटायझरचे पंप असतात आणि लोकांना वाटतं तेवढं पुरे. अल्कोहोलचा सॅनिटायझर या विषाणूवर नीट चालत नाही. साबण आणि पाणी, किमान २० सेकंद, आणि हे वाढायचे चिमटे हाताळून झाल्यावर, जेवणाआधी करायचं. बुफेतला वाढायचा चिमटा शेकडो हातांतून गेलेला असतो. ताट वाढून घ्या, टेबलावर ठेवा, हात धुवून या, मग खा. पाव-फळं हाताने खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. लपवू नका, दवाखान्याला कळवा. केबिनमध्येच राहायला सांगतात, त्रास थांबल्यावरही साधारण एक-दोन दिवस. कंटाळवाणं आहे, पण शेजारच्या वृद्धाला हाच आजार जड जातो. क्षारांच्या पुड्या घरून न्या, सामानात जागा खात नाहीत.

सुकाणू

चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी: साध्या केबिनचं दार साधारण २२ ते २४ इंच रुंद असतं, बऱ्याच खुर्च्या आत जातच नाहीत. सुलभ केबिनचं दार ३२ इंचांच्या आसपास असतं, शॉवरला उंबरा नसतो. या केबिन मोजक्याच असतात, वर्षभर आधी संपतात. खुर्चीची रुंदी हाताच्या कड्यांसकट मोजून कळवा. चालता न येणाऱ्यांची बॅटरीवरची स्कूटर कॉरिडॉरमध्ये लावून ठेवता येत नाही, ती आणीबाणीची वाट आहे, त्यामुळे चार्जिंगसकट केबिनमध्ये मावायला हवी. टेंडरच्या बंदरांत उतरता येईलच असं नाही, म्हणून धक्का असलेली बंदरं जास्त असलेला मार्ग निवडा.

निळीशाई

शेवटच्या दिवशीचं कुणी सांगाल का? परतीचं विमान किती वाजताचं घ्यावं?

दर्यावर्दी

आदल्या रात्री दहा-अकराच्या आत मोठ्या बॅगा रंगीत टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी टर्मिनलमध्ये रंगानुसार मिळतात. सकाळचे कपडे, बूट, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढून मगच कुलूप लावा. तिजोरी उघडी ठेवून झोपा, म्हणजे आत काही राहत नाही. पलंगाखाली आणि दारामागच्या हुकावर बघा.

सगळं सामान स्वतः उचलून नेता येत असेल तर "स्वतः उतरणं" निवडा, ते पहिल्या तुकडीत सोडतात. नाहीतर तुकडीनुसार साडेनऊ-दहापर्यंत वेळ जातो. जहाज सातला लागणार असं लिहिलेलं असलं तरी आधी बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी, मग उतरणं, मग बॅगा, मग इमिग्रेशनची रांग, मग टॅक्सीची रांग. विमानतळ जवळ असेल तर दुपारी एकनंतरचं विमान, दीड-दोन तासांवर असेल तर तीननंतरचं. धुक्याचा मोसम असलेल्या बंदरात संध्याकाळचंच घ्या.

बुफेतली फळं, सँडविच पिशवीत टाकून उतरू नका, हे मधल्या बंदरांनाही लागू आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथे एका सफरचंदालाही दंड होऊ शकतो, आणि कुत्रे बॅगा हुंगत असतात. बंद वेष्टनातलं काही असेल तर फॉर्मवर नोंदवा, नोंदवलेल्या वस्तूबद्दल फार तर ती काढून घेतात.